चेझारे बेकारिया : मित्रांच्या बैठकीत शिकलेला कायदा



स्मरणिकेसाठी लेख मागितल्यावर बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या असतील, आणि ते योग्यच आहे. मी मात्र एका परक्या माणसाचे चरित्र सांगणार आहे. त्याला कारण आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी आली की तिथे चर्चा पेटते. अशांना भर चौकात फासावर लटकवा, खटला कशाला चालवायचा, पोलिसी खाक्या दाखवला की सगळे खरे बाहेर येते, असे बरेच काही लिहिले जाते. मग कोणीतरी मला विचारतो, की तू फौजदारी कायदा शिकवतोस, तुझे मत काय? ते मत दोन ओळींत मावत नाही. पण हेच प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी पंचविशीतल्या एका तरुणाने आपल्या मित्रांबरोबर बसून सोडवायला घेतले होते. त्याची गोष्ट सांगितली तर माझे उत्तर त्यातच येईल. शिवाय ती शिक्षणाची, शिक्षेची आणि मैत्रीची गोष्ट आहे, त्यामुळे शाळेच्या स्मरणिकेत अगदीच परकी वाटणार नाही.

चेझारे बेकारियाचा जन्म 15 मार्च 1738 रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. तेव्हा इटली हा एक देश नव्हता, मिलानवर ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची सत्ता होती. घराणे सरदारांचे आणि चेझारे थोरला मुलगा. आठव्या वर्षी त्याला पार्मा येथील जेझुइट पाद्र्यांच्या निवासी शाळेत पाठवले. तिथे तो आठ वर्षे राहिला. सरदारपुत्रांची ही नामांकित शाळा, पण शिस्त अशी की मुलांच्या मनातला कोवळेपणा करपून जावा. पुढे मोठेपणी त्याने या शिक्षणाबद्दल कडवट उद्गार काढले. गणितात मात्र त्याची बुद्धी चमकत असे, इतकी की सोबतच्या मुलांनी त्याचे नाव छोटा न्यूटन असे ठेवले होते. बाकी स्वभावाने तो लाजरा, आळशी आणि लहरी. एखाद्या विषयाने झपाटला की त्यात बुडायचा, नाहीतर दिवसचे दिवस काहीच करायचा नाही. असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. शिक्षकांना तो कळत नाही आणि परीक्षेच्या गुणांतही तो दिसत नाही.

पुढे घराण्याच्या रिवाजाप्रमाणे तो पाव्हियाच्या विद्यापीठात कायदा शिकला आणि 1758 साली पदवीधर झाला. त्या काळी कायद्याचे शिक्षण म्हणजे काय होते, हे थोडे समजून घ्यायला हवे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने रोमन कायद्याचे संकलन करून घेतले होते. त्यावर शेकडो वर्षे टीकाकारांनी टीका लिहिल्या, त्या टीकांवर आणखी टीका झाल्या. हा सगळा ढीग लॅटिन भाषेत. ज्यांच्यावर हा कायदा चालायचा त्या शेतकऱ्याला, न्हाव्याला, मजुराला त्यातले अक्षरही कळत नसे. न्यायाधीश निकालासाठी कायद्याइतकाच क्लारो, फारिनाच्ची, कार्पझोव्ह अशा पंडितांच्या ग्रंथांचा आधार घेत.

गंभीर गुन्ह्यात पुराव्याचे गणित ठरलेले होते. दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीचा कबुलीजबाब असेल तर पुरावा पूर्ण. एकच साक्षीदार असेल किंवा नुसता जबर संशय असेल तर तो अर्धा पुरावा. उरलेला अर्धा मिळवायचा कायदेशीर मार्ग म्हणजे आरोपीचा छळ. हात पाठीमागे बांधायचे, दोर कप्पीवरून टाकायचा आणि त्या हातांनीच माणूस वर ओढायचा. कबूल झाला की दुसऱ्या दिवशी छळाविना तीच कबुली पुन्हा घ्यायची. त्याने शब्द फिरवला तर परत दोर. हे सगळे कोणी चोरून करत नव्हते. कोणाला, किती वेळा आणि किती वेळ टांगावे याचे नियम विद्वानांनी ग्रंथांत लिहून ठेवले होते, आणि कायद्याचे विद्यार्थी ते नियम शिकत असत. छळ कसा करावा हे अभ्यासात होते, तो का करावा हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर होता.

पदवी घेऊन बेकारिया मिलानला परतला आणि तेरेसा ब्लास्को या सोळा वर्षांच्या मुलीच्या प्रेमात पडला. तिचे घराणे आपल्या तोलाचे नाही म्हणून वडिलांनी विरोध केला, इतका की सरकारी हुकूम मिळवून पोराला काही काळ घरातच नजरकैदेत ठेवले. तरी 1761 साली त्याने लग्न केलेच. वडिलांनी संबंध तोडले आणि नवराबायको पैशाच्या अडचणीत दिवस काढू लागली. या वेळी धावून आला तो पिएत्रो व्हेर्री. तो बेकारियापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सैन्यात राहून आलेला, जग पाहिलेला आणि धडाडीचा. त्याने मध्यस्थी करून बापलेकांत समेट घडवला. 1762 साली बेकारियाला मुलगी झाली. तिचे नाव जूलिया. ते नाव लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

पिएत्रो आणि त्याचा धाकटा भाऊ अलेस्सांद्रो यांच्या घरी तरुणांचा एक कट्टा जमत असे. वाद इतके हातघाईवर येत की त्यांनी गंमतीने आपल्या मंडळाचे नाव ठोशांची अकादमी ठेवले. ही मुले फ्रेंच आणि इंग्रज विचारवंत वाचत, मिलानच्या कारभारावर बोलत आणि एकमेकांचे लेखन फाडून काढत. 1764 ते 1766 या काळात त्यांनी इल काफे नावाचे नियतकालिकही चालवले. नाव कॉफीच्या दुकानाचे आणि विषय जगभरचे. प्रत्येकाला कामे वाटून देण्यात पिएत्रोचा हातखंडा होता. बेकारियाला त्याने आधी मिलानच्या नाण्यांच्या गोंधळावर लिहायला लावले. ती पुस्तिका झाल्यावर पुढचा विषय दिला : फौजदारी न्याय.

बेकारियाजवळ कायद्याची पदवी होती, पण या विषयाचा अनुभव शून्य. अनुभव होता तो मित्रांकडे. अलेस्सांद्रोकडे मिलानच्या कैद्यांचा रक्षक असे सरकारी पद होते. कैद्यांच्या तक्रारी आणि दयेचे अर्ज पाहायचे आणि त्यांची बाजू मांडायची हे त्याचे काम. तो तुरुंगात जाऊन यायचा आणि तिथे पाहिलेले मित्रांना सांगायचा. पिएत्रो स्वतः छळाच्या प्रथेचा इतिहास गोळा करत होता.

त्यासाठी त्याला लांब जावे लागले नाही. मिलानच्या एका रस्त्यावर बदनामीचा स्तंभ नावाचा एक दगडी खांब उभा होता. 1630 साली शहरात प्लेगची भयंकर साथ आली होती. कोणीतरी भिंतींना विषारी मलम लावून रोग पसरवतो, अशी अफवा उठली. पावसात भिंतीला चिकटून चालणारा एक माणूस खिडकीतून बायकांना दिसला. तो होता आरोग्य खात्याचा नोकर गुल्येल्मो पियात्सा. त्याला दोरावर टांगले, तरी तो नाकारत राहिला. मग कबूल झालास तर माफी मिळेल असे आमिष दाखवल्यावर त्याने जान जाकोमो मोरा या न्हाव्याचे नाव घेतले. मोराला टांगल्यावर त्यानेही कबुली दिली. दोघांना हालहाल करून मारले, मोराचे घर पाडले आणि त्या जागी हा खांब उभारला, की पुढच्या पिढ्यांनी गुन्हेगारांना विसरू नये. शंभराहून अधिक वर्षांनी या कट्ट्यावरच्या मुलांना त्याच खांबात वेगळेच दिसले. हा गुन्हा घडलेलाच नव्हता. ज्या कबुलीने पुरावा पूर्ण झाला, ती दोराने तयार केलेली होती.

मार्च 1763 मध्ये बेकारियाने लिहायला घेतले. दिवसभर मित्रांशी चर्चा व्हायची, मग तो काही लिहायचा, कंटाळायचा, सोडून द्यायचा. पिएत्रो ते स्वच्छ उतरवून काढायचा, क्रम लावायचा आणि त्याला परत बसवायचा. अशा रखडत-ओढत चाललेल्या कामातून वर्षभरात एक लहानसे पुस्तक झाले. गुन्ह्यांविषयी आणि शिक्षांविषयी हे त्याचे नाव. 1764 च्या उन्हाळ्यात ते टस्कनीतील लिव्होर्नो बंदरात छापले गेले, लेखकाचे नाव न घालता. मिलानमध्ये छापणे धोक्याचे होते आणि बेकारिया धीट माणूस नव्हता.

पुस्तकात काय होते? आज वाचताना त्यातले बरेचसे आपल्याला उघड वाटते, आणि हेच त्याचे यश आहे. गुन्हा कोणता आणि त्याला शिक्षा किती हे फक्त कायद्याने ठरवावे, न्यायाधीशाच्या मर्जीने नव्हे. कायदा लोकांच्या भाषेत आणि लोकांना समजेल असा लिहावा. निनावी तक्रारीवरून कोणाला आत टाकू नये. समाजाचे जेवढे नुकसान तेवढी शिक्षा, म्हणजे गुन्ह्यांची एक चढती शिडी आणि तिला जुळणारी शिक्षांची शिडी. गणिताचा विद्यार्थी इथे दिसतो. पुराव्याबद्दलही त्याने गणिती पद्धतीने विचार केला. दहा पुरावे एकाच पुराव्याच्या आधारावर उभे असतील तर ते दहा नव्हेत, एकच. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी तपासायला आज आम्ही मुलांना शिकवतो, तेव्हा याच विचाराला हात घालतो.

छळाबद्दल त्याचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड आहे. माणूस एकतर दोषी आहे किंवा निर्दोष. दोषी असल्याचे सिद्ध झाले असेल तर कबुलीची गरज नाही. सिद्ध झाले नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष आहे, आणि निर्दोषाला यातना देता येत नाहीत. शिवाय छळाने सत्य कळत नाही, फक्त अंगातली ताकद कळते. धट्टाकट्टा गुन्हेगार सोसतो आणि सुटतो, नाजूक प्रकृतीचा निरपराध मोडतो आणि मरतो.

शिक्षेबद्दल त्याचे म्हणणे शिक्षकमंडळींना चटकन पटेल. गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या भयंकरपणामुळे नव्हे, ती टळणार नाही या खात्रीमुळे. बेदम मारणारा पण कधीतरीच मारणारा मास्तर आणि छडी हातात न घेता रोज न चुकता गृहपाठ तपासणारा मास्तर, यांपैकी कोणाच्या तासाला गृहपाठ पूर्ण असायचा हे आपण सगळे जाणतो. आणि शिक्षा लवकर व्हावी, कारण गुन्हा आणि शिक्षा यांच्यात वर्षे गेली की मनात त्यांचा संबंध उरत नाही. खटल्याविना तुरुंगात कुजणे ही तर दोष ठरण्याआधीच दिलेली शिक्षा. आपल्या देशातील तुरुंगांत 2022 च्या अखेरीस दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. हा आकडा पाहिला की ते पुस्तक जुने वाटत नाही.

फाशीबद्दल त्याचे मत त्या काळी धक्कादायक होते. खून निषिद्ध आहे असे सांगणाऱ्या कायद्याने स्वतः चारचौघांत माणूस मारावा, हे त्याला पटत नव्हते. क्षणभराच्या मृत्यूपेक्षा जन्मभराची सक्तमजुरी लोकांच्या मनावर जास्त काळ ठसते, असे त्याचे म्हणणे. यात दया कमी आणि हिशेब जास्त आहे, अशी टीका पुढे झाली, आणि ती खोटी नाही. देशाच्या सुरक्षिततेला धोका असेल अशा प्रसंगी त्याने अपवादही ठेवला होता. पण राज्याला माणूस मारण्याचा अधिकार कोठून मिळतो, हे त्याने भर बाजारात विचारले आणि तेव्हापासून तो प्रश्न परत मिटला नाही.

पुस्तक वणव्यासारखे पसरले. एका धर्मगुरूने लेखकाला धर्मद्रोही ठरवले. त्याला झटपट उत्तर लिहिले ते घाबरलेल्या बेकारियाने नव्हे, तर व्हेर्री बंधूंनी. 1766 साली चर्चने पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. त्याच सुमारास मोरेलेने केलेले फ्रेंच भाषांतर गाजले आणि व्हॉल्तेअरने त्यावर भाष्य लिहिले. व्हॉल्तेअर तेव्हा तुलूझच्या जाँ कालास या व्यापाऱ्यासाठी लढून मोकळा झाला होता. मुलाच्या खुनाच्या खोट्या आरोपावरून त्याला 1762 मध्ये चाकावर हाडे मोडून मारले होते आणि 1765 मध्ये, मेल्यानंतर, निर्दोष ठरवले होते. असे उदाहरण ताजे असताना हे पुस्तक आले.

पॅरिसच्या विद्वानांनी बेकारियाला आमंत्रण दिले. ऑक्टोबर 1766 मध्ये तो अलेस्सांद्रोबरोबर निघाला. तिथे सत्काराला तोटा नव्हता. पण हा लाजाळू माणूस मेजवान्यांत गप्प बसायचा, बायकोच्या आठवणीने कासावीस व्हायचा. डिसेंबरमध्ये तो घरी परतलासुद्धा. अलेस्सांद्रो एकटाच पुढे लंडनला गेला.

आणि इथे मैत्री तुटली. विषय आपण दिला, माहिती आपण पुरवली, प्रती आपण उतरवल्या, वादात आपण लढलो आणि जगभर नाव झाले ते एकट्याचे, असे व्हेर्री बंधूंना वाटू लागले. शिवाय मित्राने पॅरिसमध्ये आपली शोभा करून घेतली याचाही राग होता. पुस्तक नेमके कोणाचे, यावर अभ्यासकांनी पुढे खूप शाई खर्च केली. माझ्या मते यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या कट्ट्याशिवाय बेकारियाने एक पानही लिहिले नसते. आणि सगळ्या कट्ट्यात इतके नेमके, इतके पेटते लिहिण्याची ताकद त्या एकट्याकडे होती. त्यांना हे एकमेकांना वेळेवर सांगता आले नाही. ठोशांची अकादमी विखुरली आणि बेकारियाने पुन्हा त्या तोडीचे काही लिहिले नाही.

रशियाची राणी कॅथरीन हिने त्याला कायदेसुधारणेसाठी बोलावले. 1767 साली तिने आपल्या कायदेमंडळासाठी काढलेल्या सूचनांत त्याच्या पुस्तकातला बराच भाग घेतलेला होता. तो गेला नाही. ऑस्ट्रियन सरकारने त्याच्यासाठी मिलानमध्ये अर्थशास्त्राचे अध्यापकपद निर्माण केले. काही वर्षे शिकवून तो 1771 पासून सरकारी नोकरीत शिरला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. नाणी, धान्य, वजनेमापे असे त्याचे विषय. दशमान पद्धतीच्या मापांची सूचना त्याने 1780 मध्ये केली होती.

घरात मात्र त्याचा न्याय तोकडा पडला. 1774 साली तेरेसा वारली आणि काही महिन्यांतच त्याने दुसरे लग्न केले. जूलियाला मठात शिकायला ठेवले होते. पुढे आईच्या वाट्याच्या पैशावरून बापलेकींत वाद झाला. 1782 साली तिचे लग्न एका बऱ्याच वयस्क सरदाराशी लावून देण्यात आले. तिच्या मनाचा विचार कोणी फारसा केला नाही. स्वतः प्रेमासाठी नजरकैद सोसलेल्या माणसाकडून हे घडले.

1786 साली टस्कनीने मृत्युदंड आणि छळ दोन्ही कायद्याने रद्द केले. ज्या राज्यात ते निनावी पुस्तक छापले गेले, तेच राज्य बावीस वर्षांनी हे पाऊल उचलणारे ठरले. पुढे काही गुन्ह्यांसाठी फाशी तिथे परत आली, पण पायंडा पडला होता. आयुष्याच्या अखेरीस मिलानच्या फौजदारी कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीवर बेकारिया होता. 1792 मध्ये त्याने आणखी दोघांसह फाशीविरुद्ध अल्पमताचे टिपण दिले. त्यात एक नवा मुद्दा होता : माणसाचा पुरावा कधीच पूर्ण निर्दोष नसतो, आणि फाशी दिल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही. फाशीविरुद्ध आजही सर्वांत जड पडणारा युक्तिवाद हाच आहे. 28 नोव्हेंबर 1794 रोजी मिलानमध्येच त्याचे निधन झाले.

आपल्याशी त्याचा संबंध इंग्लंडमार्गे येतो. जेरेमी बेंथमने बेकारियाला गुरुस्थानी मानले आणि बेंथमच्या विचारांची छाप असलेल्या मेकॉलेने 1837 मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार केला. गुन्ह्यांच्या नेमक्या व्याख्या, प्रत्येकापुढे शिक्षेची मर्यादा ही मांडणी त्या परंपरेतली. 1862 पासून 2024 च्या जूनअखेरपर्यंत आपण ती संहिता वापरली. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यात आले आणि नव्या कायद्यातही टिकले आहे. ग्रुपवर अनेकांना हा नियम गुन्हेगारांच्या सोयीचा वाटतो. त्यामागे पियात्सा आणि मोरा यांच्यासारखी माणसे उभी आहेत.

आता जूलिया. तिला 1785 साली मुलगा झाला, अलेस्सांद्रो मान्झोनी, पुढे इटालियन भाषेचा थोर कादंबरीकार झालेला. दरम्यान 1778 साली तो बदनामीचा स्तंभ पाडला गेला होता. पिएत्रो व्हेर्रीने त्या खटल्यावर लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1804 साली छापले गेले. बेकारियाच्या या नातवाने 1840 मध्ये त्याच खटल्यावर आपले पुस्तक काढले, आणि त्यात आजोबांच्या मित्राशी मतभेद नोंदवला. व्हेर्रीने दोष दिला होता काळाच्या अज्ञानाला आणि वाईट कायद्याला. मान्झोनीने कागदपत्रे तपासून दाखवले की त्या वाईट कायद्यातही न्यायाधीशांना थांबता आले असते. छळावर कायद्याने घातलेल्या मर्यादाही त्यांनी ओलांडल्या होत्या, कारण शहर संतापले होते आणि लोकांना कोणीतरी दोषी हवा होता.

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी हा वाद दरवर्षी मुलांपुढे ठेवतो. अर्धी मुले व्हेर्रीच्या बाजूने बोलतात, कायदा चांगला करा म्हणतात. अर्धी मान्झोनीच्या बाजूने, की खुर्चीवरचा माणूस चांगला हवा. तास संपला तरी भांडण मिटत नाही, ते व्हरांड्यात आणि चहाच्या टपरीवर चालू राहते. मी त्यांना थांबवत नाही.